एक दोडका, सोहार

एप्रिलात मोफिझुलने काडेपेटीतून दिल्या
सात काळ्या बिया.
"झिंगे," म्हणाला, "नोआखालीचं बी आहे, भाभी,
नुसत्या वाळूत टाकू नका,
वाळू पाणी पिते आणि विसरते."
म्हणून उंटाच्या लेंड्यांचं पोतं आणलं.
गाडीच्या डिकीला अजून तो वास आहे.

सातही रुजल्या. चार उरल्या.
एक मांजरीने उकरली,
दोन मी पाणी घालघालून कुजवल्या.

मे लागला की इथे नळावर भरवसा ठेवायचा नाही.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापते,
संध्याकाळी पाइप सोडला की आधी येतं
ते चहाच्या लायकीचं पाणी.
ते बादलीत धरायचं, रात्रभर निववायचं,
पहाटे बांग व्हायच्या आत मुळाशी घालायचं.
एसीच्या नळीखाली दुसरी बादली.
टिप, टिप, दिवसाकाठी अकरा लिटर,
मिठाचा कण नाही त्यात.
घराला येणारा घाम
आमचा वेल पितो.

मग हिरवी जाळी. वाऱ्याने तिची दोरी तीनदा सुटली.
तिसऱ्यांदा मी स्टुलावर, ओढणी नाकातोंडाला,
आणि वारा असा, की कुणी भट्टीचं दार
लावायला विसरलंय.
यशोधन खिडकीआडून म्हणाला,
"अगं, दुकानात सातशे बैसांना किलो मिळतो.
तुझा पहिला आपल्याला अकरा रियालला पडणार."
हिशेब बरोबर होता.
मी गाठ मारली, वर आणखी एक मारली.

फुलं दिवेलागणीला उमलायची.
नर फुलं घोसाघोसाने,
पानाच्या टपरीवरच्या रिकामटेकड्यांसारखी.
मादी क्वचित, एकटी,
पाठीमागे करंगळीएवढं बाळ घेऊन.
मधमाशी म्हणाल, तर पंचेचाळीसात कोण येतंय!
पाच बाळं पिवळी पडून गळली.
सहाव्याच्या वेळी, मग्रिबच्या बांगेला,
लॅबचा पांढरा कोट अंगात तसाच,
ऋजुताच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन
मी ह्या फुलातून त्या फुलात गेले.
दिवसभर लोकांचं रक्त काचेवर पसरणारा माझा हात
इतका कधी कापला नव्हता.

कुंपणापलीकडून झुवैना सगळं बघत होती.
"लूफ!" हसून म्हणाली. "खाऊ नकोस, वाळू दे.
सहमला आमच्या विहिरीवर टांगलेले असायचे,
पाठ घासायला."
आणि पश्चिमेकडून ऊन येतं म्हणून
तिने न विचारता चार झावळ्या टाकल्या अलीकडे.

अकराव्या दिवशी
एक वीत आणि चार बोटं.
काट्यावर एकशे साठ ग्रॅम.
देठाला सुरी लावली तर तिघंही ओट्याशी येऊन उभे,
म्हणजे मी, ऋजुता आणि तो हिशेब करणारा.
उन्हात तापलेला दोडका कडू निघतो कधीकधी,
हे कुणी बोललं नाही.
देठाकडची चकती कापली. जिभेवर ठेवली.
गोड नाही म्हणता येणार.
कडू नव्हता.

"शिरा टाकू नकोस," यशोधन म्हणाला,
"तीळ घालून चटणी कर."
दोन चमचे झाली.
भाजीत मुगाची डाळच जास्त.
एक वाटी मोफिझुलला दिली,
त्याने फाटकापाशी उभ्यानेच खाल्ली,
बराच वेळ चावत राहिला,
म्हणाला, "मीठ कमी, भाभी."
झुवैनाने खुब्जच्या तुकड्यावर चटणी घेतली,
ठसका लागला, पुन्हा घेतली.

सातवा तोडला नाही.
जाळीच्या कोपऱ्यात, झावळीखाली लटकतोय,
नोव्हेंबरपर्यंत वाळून खडखडेल.
यशोधनच्या कराराचंही तेव्हाच काय ते कळेल.
साल पाठ घासायला झुवैनाकडे जाईल.
बियांसाठी ती काडेपेटी
मी फ्रिजवर ठेवली आहे.
ऋजुता अधूनमधून उघडून बघते,
रिकामी आहे ना अजून.