मापातलं पाप

क्लाक्सविकच्या धक्क्यावरचा काटा भंगारात गेला
आणि माझ्याकडे आली त्याची नखाएवढी चिप.
तिच्यात काय लिहिलंय ते वाचायचं होतं.
वाचणारं अवजार माझंच,
फुकट, सगळ्यांसाठी उघडं,
रात्री जागून केलेलं.

त्यानं सांगितलं:
पेटी भरलेली असेल तर चाळीस ग्रॅम वजा कर.

मी यादी छापून रानवाच्या हातात दिली.
रानवानं ती बोटीवर वाचून दाखवली.
तिशीत हा प्रोग्राम लिहिणाऱ्या हेईनशी
सत्तरीत कुणी बोलेना झालं.
मापात पाप.
बंदराला याहून लांब वाक्य लागत नाही.
चर्चमध्ये त्याच्या बाकावर तो एकटा.

चौथ्या हिवाळ्यात लेइरविकच्या एका बोटघरात
तसलाच काटा सापडला, जिवंत.
तारा जोडल्या. डीबगर लावला.
पेटीत वीस किलो बटाटे.
एक पाऊल. थांब. एक पाऊल.
यादी म्हणाली, आता उडी.
चिप उडी न मारता
पुढच्या ओळीवर गेली, शांतपणे,
घरच्या वाटेनं जावं तशी.

बटाटे काढले. पुन्हा ठेवले. पुन्हा काढले.
फक्त रिकाम्या पेटीला ती
ओलाव्याचे चाळीस ग्रॅम सोडत होती.

माझ्या तक्त्यात एक बिट उलटा होता.
'कमी' असेल तिथे 'जास्त',
सहा वर्षं,
आणि कोण जाणे कुणी कुणी त्यावर विसंबून
कुठल्या यंत्राला खोटारडं ठरवलं.

दुरुस्ती एका ओळीची.
तपासायला कोर्दोबाचा इग्नासियो.
त्यानं एवढंच विचारलं, चाचणी कुठाय?
मी बटाट्यांचे आकडे जोडले.

बदलाखाली कारण लिहायची जागा असते.
तीनदा लिहून खोडलं.
शेवटी राहिलं: तुलना चुकीची वाचली जात होती.
कर्मणी प्रयोगात मी नीट लपले.

मग बूट घातले.
हेईनच्या दारापर्यंत चढ, वारा समोरून.
हे वाक्य मात्र कुणाकडे तपासायला पाठवता येईना.

त्याच्या हातांना साबणाचा फेस होता.
सगळं ऐकून घेतलं त्यानं,
हात पुसले, एकेक बोट.
म्हणाला, "चाळीस लाकडी पेट्यांचे.
प्लास्टिकच्या आल्यावर पंचवीस करायला हवे होते.
ते माझ्याकडून राहिलं."