साउंड चेक

पोस्टरवर तिचं नाव चुकलंय. वीप्केचं 'विपके' झालंय.
गंगापूरच्या अलीकडे, द्राक्षमळ्यात,
सव्वाशे खुर्च्या. चाळीस भरल्या तरी खूप.

एकोणनव्वद साली ही बाई तिकडच्या रेडिओवर
सहा आठवडे पहिली होती.
दुसरी रेकॉर्ड पडली, कंपनीने हात झटकले.
मग जहाजांवरचे कार्यक्रम, परक्यांची लग्नं,
एका टूथपेस्टसाठी चार ओळी,
त्यांचेच पैसे अजून येतात म्हणाली.
केबल गुंडाळत सांगत होती,
कंडक्टरने थांबे सांगावेत तसं.

मी फेडर पुसत राहिलो.
मग बोललोच:
सातपूरच्या कारखान्यातून अण्णा
तीन महिने ट्रेनिंगला गेले होते तुमच्या देशात.
येताना आणला एक टॉर्क रेंच
आणि तुमची कॅसेट.
जर्मन अण्णांना ओ की ठो येत नव्हतं.
लेथवर उभे राहून गायचे,
चांगला मिशीवाला माणूस:
'इश्श, वाट दे'.

ती थांबली. 'इश वार्ते दा,' म्हणाली,
म्हणजे, मी थांबलेय तिथं.
आणि तुमचं?
मी म्हटलं, वाट म्हणजे रस्ता.
पण आम्ही ती बघतोसुद्धा,
कुणी यायचं असलं की.

तिने सेटलिस्टच्या मागे काहीतरी लिहिलं.

रात्री तिसऱ्या रांगेत कुणीतरी फोनवर
पेटीचा भाव विचारत होतं.
ती त्या ओळीवर आली, माझ्याकडे बघून
अण्णांचंच गायली, चुकीचं, जोरात.
मीटर लाल झालं.
मी हात लावला नाही.