मुदतवाढ

बफेलोत मार्च म्हणजे हिवाळाच अजून.
एजंटच्या ऑफिसात हीटर कण्हतो आहे
आणि टेबलावर सदतीस पानं,
जिथे जिथे मी सही करायची
तिथे तिथे एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली.

चार वर्षं. पाच कोटी वीस लाख डॉलर.
उद्या हा आकडा टीव्हीवर
माझ्या फोटोखालून सरकत जाईल.
नववं पान नीट वाच, प्रेस्टन म्हणतो.
हमीचे एक कोटी नव्वद.
उरलेले
मी चालू शकलो तर.

मी डावा गार्ड.
नाव तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.
सात वर्षांत चेंडू माझ्याकडे एकदाच आला,
तोही चुकून, चिखलात,
आणि मी त्याच्यावर बसून राहिलो
खुडूक कोंबडीसारखा, शिट्टी वाजेपर्यंत.
माझं काम अडवायचं.
मागे जो फेकणारा उभा आहे
त्याच्यासाठी तीन सेकंद आणायचे,
रोख, अंग मोजून.

आईला फोन लावला, ओपेलुसासला.
शाळेच्या स्वयंपाकघरात ती भेंडी चिरत होती
तीनशे पोरांची.
आकडा ऐकून गप्प झाली.
मग म्हणाली, "म्हणजे अजून किती वर्षं
रविवारी मी डोळे मिटून बसायचं?"
चार, म्हटलं.
"बरं."
सुरीचा आवाज परत सुरू झाला.

गुडघ्याला कुणी विचारलं नाही.
त्याचे फोटो काढले,
तीन डॉक्टरांनी उजेडासमोर धरून पाहिले
आणि शेरा मारला: समाधानकारक.
माझ्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे असायचा, तसा.
पहाटे जिना उतरताना तो जे बोलतो
ते सदतीसपैकी एकाही पानावर नाही.

बाविसाव्या पानावर फोन थरथरला.
लायल.
"सोडलं मला. तुझं अभिनंदन, मनापासून."

लायल ओस्त्रोव्स्की, सेंटर. माझ्या उजव्या हाताला
सात वर्षं, एका वितीवर.
चेंडू मागे द्यायच्या आधी
तो नाकातून एकदा श्वास सोडतो, आखूड.
ऐंशी हजारांच्या गोंगाटात
मला तेवढंच ऐकू येतं,
त्यावर मी निघतो.
त्याच्या बायकोलाही हे माहीत नसेल.

मी प्रेस्टनकडे पाहिलं.
तो वाईट माणूस नाही.
पगाराला वरून मर्यादा आहे, म्हणाला,
सगळ्या टीमचं मिळून ताट एकच,
तुला वाढायचं
तर कुणाच्या तरी पुढचं काढावं लागतं.
त्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

मी सही केली.
थांबलो, खिडकीतून गोठलेलं सरोवर पाहिलं,
असं काही लिहिता आलं असतं.
पण मी सही केली, ओळीने,
उरलेल्या सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्यांपाशी,
आणि हात अजिबात कापला नाही.
पेन राहू दे तुला, प्रेस्टन म्हणाला. आठवण.

लायलच्या घरापुढे बर्फ साचला होता
आणि तो एकटाच फावड्याने ओढत होता.
मला पाहून काही बोलला नाही.
गॅरेजला टेकलेलं दुसरं फावडं मी उचललं
आणि जाऊन उभा राहिलो
त्याच्या डाव्या हाताला.
दुसरीकडे कुठे उभं राहायचं
मला माहीतच नाही.

त्याने नाकातून श्वास सोडला.
आम्ही वाकलो.

अर्ध्या तासाने रस्ता दिसायला लागला, काळा, ओला.
खिशातलं पेन प्रत्येक वाकण्याला
बरगडीत टोचत होतं. काढून ठेवता आलं असतं.
मग दार उघडून त्याची बायको म्हणाली,
सूप केलंय,
बूट बाहेर काढा दोघांनी.