पळत्याच्या पाठी

दोन पोरं दिली, वर चार वर्षांच्या पहिल्या निवडी,
आणि आणला एक एकतीस वर्षांचा गुडघा.
बाकीचा माणूस सोबत येतोय म्हणे.

टोलीडोत उणे अकरा. शाळेची बस तापवत
मी रेडिओ ऐकतोय. ड्वेन म्हणतो, जुगार आहे.
तीन लग्नं केलीत त्याने, त्याला कळणार.

टेरेल तेवढा जायला नको होता.
पहिल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीत बर्फावर आपटला
आणि बसल्या बसल्या हसत सुटला.

शेवटची निवड तर सहा वर्षांनंतरची.
तो पोरगा आज तेरा वर्षांचा असेल,
कुठल्यातरी बसच्या मागच्या बाकावर, मांडीत चेंडू.
त्याला पत्ताही नाही, आम्ही त्याला विकलं.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, कबूल.
पण हातचं म्हणजे काय? छातीत दोन स्टेंट,
बेचाळीस हंगामांची तिकिटं बिस्किटाच्या डब्यात,
करंडक एकही नाही.
त्या गुडघ्यात दोन हंगाम उरलेत म्हणतात.
तेवढे माझ्यातही निघतील.
करून टाका सौदा.

पहिला थांबा. इमानी चढते,
कोटावरून टेरेलची जर्सी, पार गुडघ्यांपर्यंत.
तिला अजून कळलेलं नाही.
मी रेडिओ बंद करतो.