किफ

हुफूफच्या बाहेर, खजुराच्या बागा संपतात तिथं
रस्ता रुळांना आडवा जातो.
पाटी आठ कोनांची, मूळची लाल,
उन्हानं आता गुलाबी पडलेली.
वर दोनच अक्षरं : काफ आणि फे.

बाणकोटच्या मदरशात मौलवीसाहेब
ही अक्षरं छडी आपटत घोकून घ्यायचे.
वाचता सगळं यायचं, कळायचं काही नाही.
ज्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला
तो अरबी शब्द रस्त्यानं शिकवला.
किफ.
थांब.

पहाटेचे पावणेपाच. बसमध्ये बेचाळीस माणसं,
तेवढेच डबे, आणि काचेला टेकलेली डोकी.
मी ब्रेक दाबतो. एसी बंद करतो, रेडिओ बंद.
खिडकी खाली घेतो, दार उघडतो,
आणि ऐकतो.

"यल्ला, परकार," मागून कुंजुमोन फोरमन,
"फाटक उघडं आहे ना? दिसत नाही?"

दिसतं की.
पण फाटक म्हणजे लोखंडाचा एक दांडा,
त्याच्या वायरीत वाळू जाते,
त्याला घरी कुणी वाट बघणारं नाही.
बेचाळीस जणांचा हवाला मी
दांड्यावर कसा टाकू?

तीन वर्षांपूर्वीची जानेवारी. धुकं इतकं
की बसचं नाकसुद्धा पुसट.
घंटा वाजत होती, दांडा उतरत होता,
अर्धाच उतरला होता.
मी मनात हिशेब केला : जाईल.
हिशेब तसा बरोबर होता,
फक्त वीतभर चुकला.

दम्मामहून आलेली मालगाडी
बसचा मागचा लाल दिवा घेऊन गेली.
थांबलीही नाही. डबे मोजायचं सुचलं नाही.
नंतर किती तरी वेळ माझा पाय
ॲक्सिलरेटरवरून उचलता येईना.

शेवटच्या सीटवर टेकबहादूर झोपला होता.
तो जागाच झाला नाही.
साइटवर उतरला, जांभई दिली,
हेल्मेट चढवलं आणि गेला.

कंपनीला मी सांगितलं,
रिव्हर्स घेताना भिंतीला लागली.
पगारातून दोनशे दहा रियाल कापले.
पावती अजून पाकिटात आहे, घडीवर फाटलेली.
इतकं स्वस्त मला जन्मात काही मिळालेलं नाही,
आणि इतकं खोटं मी कधी बोललेलो नाही.

टेकबहादूर गावी गेला, लग्न केलं.
परवा फोनवर पोरीचा फोटो आला :
काजळ, गालावर तीट, मूठ आवळलेली.
'परकारभाई, हिला आशीर्वाद द्या.'
मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.
त्या पहाटे बसमध्ये बेचाळीस नव्हतेच,
एवढंच तिला कधीतरी सांगायचं आहे.

दूर कुठंतरी रूळ गुणगुणू लागतात.
आधी तळपायाला कळतं, मग कानाला.
दांडा आज वेळेवर उतरतो.
डब्यामागून डबा, डब्यामागून डबा,
वाळू उडते, कुंजुमोन खोकतो.
गाडी जाते. दांडा वर होतो.
मी अजून थांबलेला.
एक गेली म्हणून रूळ मोकळे झाले
असं रुळांनी कधी म्हटलेलं नाही.

फोरमन वहीत लिहितो : चार मिनिटं उशीर.
लिहू दे.
आरशात बघतो. शेवटच्या सीटवर
कुणीतरी नवीन पोरगा, तोंड उघडं टाकून झोपलेला.
नाव अजून विचारलं नाही.

पहिला गिअर टाकतो,
हळूच,
त्याची मान हलू नये म्हणून.