अपेक्षांचा रकाना

पौषातला रविवार, सकाळचे सव्वासहा.
पिरंगुट ओलांडून बहिरटबाईंच्या टपरीसमोर
आठ गाड्या तिरक्या लावलेल्या.
गरम बॉनेटवर पंजे ठेवून
माणसं चहाची वाट बघतायत.

मी पाण्याच्या पिंपाशी.
चाकणच्या कारखान्यातून आलेय, हे कुणाला सांगितलं नाही.
खिशात घडी घातलेला फॉर्म:
पुढच्या पिढीकडून आपल्या अपेक्षा.
रकाना दोन बोटं रुंद.

धनेश बालवडकर म्हणतो, स्टिअरिंग परत जड करा.
आताचं म्हणजे लोणी.
वळवतो आपण, वळतं भलतंच कुणीतरी.
खडी कुठे, डांबर कुठे,
तळहाताला कळलं पाहिजे,
आज्याला कासऱ्यातून बैल कळायचा तसं.
आज्याचं रान आता हायवेखाली आहे.
त्याच पैशातून ही गाडी.
हे तो हसत सांगतो. बाकीचे चहात बघतात.

दातांच्या डॉक्टर गुप्ते म्हणतात, बटणं द्या.
न बघता सापडणारी, दाबली की टक् म्हणणारी.
पडदे आहेत माझ्या घरी.

हेरंब आगाशे बँकेत असतो, त्याचं एकच:
काहीही करा, चार दारं काढू नका.
सहा सेकंदांत शंभरचा आकडा गाठते
हे घरी सांगता येत नाही.
चार दारं आहेत, डिकीत सिलिंडर मावतो,
हे सांगता येतं.

मुनीर तांबोळी, नाना पेठ,
स्वतःची गाडी नाही, गिऱ्हाइकाची 'चाचणीला' आणलीय.
इंजिनाशेजारी एक हात जाईल एवढी जागा ठेवा, म्हणतो.
मोठा नाही, माझा.
आणि करंगळी दाखवतो. टोक नाही.
ते मागच्या मॉडेलमध्ये राहिलं.

ग्लास गोळा करता करता बहिरटबाई म्हणतात,
मागच्या काचा पुऱ्या खाली येऊ द्या की.
एकदा बसले होते तुमच्या असल्या गाडीत.
अर्धीच उघडली.
घाटात काय झालं ते विचारू नका.

मग ओजस. अठरा-एकोणीसचा,
बहिणीच्या स्कूटरवरून आलेला, कानटोपीतला.
गाडी नाही, लायसन्स आत्ता मिळालंय,
पण सगळे आकडे तोंडपाठ:
वजन, टॉर्क, कुठल्या साली कुठला गिअर घसरायचा.
म्हणतो, नवी बॅटरीवर येणार, येऊ दे.
शांत असेल तर शांत येऊ दे.
फक्त तो स्पीकरमधला खोटा आवाज नको.
वाघाचं कातडं पांघरलेली शेळी.

सगळे हो म्हणतात.
पहिल्यांदाच सगळे एकदम.

तो आवाज मी बनवते.
तीन वर्षं, फोम लावलेल्या खोलीत,
हेडफोन घालून.
एका जुन्या इंजिनाचा श्वास,
थोडा तानपुऱ्याचा खर्ज,
चार हजार फेऱ्यांवर एक बारीक खरखर,
जी कुणाच्या लक्षात येणार नाही
म्हणून मी दोन महिने घातलेत.
मी अजून एक कटिंग मागते.

गाड्या ताम्हिणीकडे निघतात, एकामागून एक.
टपरीशी मी, ओजस, आणि द्यायचं राहिलेलं बिल.
मी डोळे मिटते, सवयच आहे.
बालवडकर. गुप्ते, दुसऱ्यात जरा जास्तच ओढतात.
आगाशे घाबरत.
शेवटी एक खुळखुळ,
सायलेन्सरवरचा सैल पत्रा,
लॅबमध्ये मी तो मिनिटभरात पुसला असता.

मुनीरभाई, ओजस म्हणतो.
बघते तर त्याचेही डोळे मिटलेले.

वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही तो पत्रा ऐकतो.
मग मी फॉर्म काढते,
पेन चालत नाही, थंडीने असेल,
बहिरटबाईंकडून हिशेबाची पेन्सिल घेते
आणि पहिल्यांदा लिहिते
मागच्या काचांचं.