मी काही म्हटलं नव्हतं

रात्री पावणेतीनला अंगठा बोलू लागतो.
केस्तास जागा असला तर दिवा लावून विचारतो,
काय म्हणालीस?
काही नाही. ते मी नव्हते.

आम्ही दोघंही बहिरी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
या घरात कुणी कुणाला हाक मारलेली नाही.
टेबलावर थाप द्यायची, दिवा मिचकावायचा,
बाकी सगळा संसार हातांनी.
त्याची आई गेल्याचंही मी याच हातांनी त्याला सांगितलं.

क्लायपेडाच्या बंदरामागे मी तृणमणी घासते.
झाडांचा जुनापुराणा डिंक तो. एखाद्यात चिलट सापडतं,
एक पाय उचललेला, तसाच.
मार्चपासून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी
असंच काहीतरी अडकलंय, फक्त मेलेलं नाही.
फडफडतं.
बघायला गेलं की चोरासारखं गप्प.

दुखणं वेगळं. ते मनगटातून चढतं,
कोटाच्या बटणांपाशी, बरणीच्या झाकणापाशी गाठतं.
लांब वाक्यं आता परवडत नाहीत, मी क्रियापदं गाळते.
आमच्या घरच्या खुणेत 'उद्या'ला मनगट पुरतं वळवावं लागतं,
म्हणून आठवडाभर आमच्याकडे उद्या नव्हता.

रक्त झालं, मान झाली, नळीत झोपवून झालं.
शेवटी शिमकुतेबाईंनी अंगठ्याच्या मांसात सुई घातली
आणि यंत्र सुरू केलं.
दुभाषी होती उग्ने, कॉलेजातली पोर, नखं हिरवी.
डॉक्टर पडद्याकडे बघतच नव्हत्या.
मान तिरकी करून ऐकत होत्या.
माझा हात.
खोलीत सगळ्यांना तो ऐकू येत होता,
मी सोडून.

मी मोकळ्या हातानं उग्नेला विचारलं, आवाज कसाय?
ती डॉक्टरांकडे बघून घुटमळली. हे तिच्या कामात बसत नव्हतं.
मग तिनं खूण केली:
पत्र्यावर वाटाणा. एक.
हात हवेत तसाच धरून थांबली, इतकी, की मला वाटलं विसरली.
मग आणखी एक.

काळजीचं नाही, डॉक्टर म्हणाल्या. कारण सापडत नाही.
उग्नेनं 'कारण' हवेत मांडलं
आणि तळव्यानं पुसून टाकलं.
हात दाखवून अवलक्षण झालं नाही,
एवढंच हाती लागलं.

घरी केस्तासला सांगायला तास लागला,
मधे मधे हात कोमट पाण्यात बुडवत.
वाटाण्याचं सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं.
हसला नाही. पुन्हा कर म्हणाला.

आता रात्री तो दिवा लावत नाही.
माझा हात ओढून गालाखाली घेतो
आणि वाट बघतो.
एक.
बराच वेळ काही नाही.
कधी कधी दुसरा येण्याआधीच
मनगट ठणकायला लागतं, आणि मी हात काढून घेते.
तो अंधारात माझ्या खांद्यावर बोटानं लिहितो:
मी ऐकत होतो.